आप्पांची बरोबर उत्तरं

हातगाड्यांवर द्राक्षं आली आहेत. कॉलेजच्या फाटकासमोर एक गाडी, सिग्नलच्या पुढे दोन, आणि पंचवटीकडे जाताना तर कडेला टेम्पोच उभे असतात. विकणारे घडांवर पाणी शिंपडत राहतात. त्या पाण्याचा, ओल्या कागदाचा आणि सालीचा मिळून एक गार, आंबूस वास रस्त्यावर पसरतो. इथल्या माणसाला या वासाचं काही नवल नसतं. मलाही मागच्या वर्षापर्यंत नव्हतं. आता तो आला की त्याच्या पाठोपाठ स्पिरिटचा वास येतो, यंत्राचा टीं टीं आवाज ऐकू येतो, आणि मी नकळत रस्त्याची बाजू बदलते.

एखाद्या फळावर राग धरणं काही शहाणपणाचं नाही. पण माझा राग खरा कुणावर आहे, हे मला वर्षभरात ठरवता आलेलं नाही. म्हणून तो द्राक्षांवर निघत असावा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मखमलाबादच्या पुढे आमचा फुलांचा मळा आहे. वडील झेंडू आणि शेवंती लावतात, आई ती बाजारात विकते. बी.एस्सी. म्हणजे नेमकं काय, हे मी त्यांना अजून नीट सांगू शकलेले नाही. मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी मला एका डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. मॅडम किडनीच्या रुग्णांच्या हाडांवर संशोधन करत होत्या आणि त्यांना रुग्णांशी त्यांच्या बोलीत बोलणारं कुणीतरी हवं होतं. ‘संशोधन’ हा शब्द तोपर्यंत मी फक्त उत्तरपत्रिकेत लिहिला होता. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये तो मनातल्या मनात म्हणून पाहिला. मग आपल्याकडे कुणी बघत नाही ना, हेही पाहिलं.

किडनीचा आणि हाडांचा काय संबंध, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं, आणि विचारल्यावर लाजले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आपल्या जेवणात, दूध-शेंगदाण्यांत तर जास्तच, फॉस्फरस असतं, जास्तीचं किडनी बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साठत जातं. मग गळ्यातल्या बारक्या ग्रंथी बिथरतात आणि हाडांमधलं कॅल्शियम ओढून काढायला लागतात. हाड बाहेरून तसंच दिसतं, आतून विरत जातं. आई जुनं लुगडं उन्हात धरते तेव्हा त्यातून पलीकडचं दिसतं, तसं मला दिसलं. यावर एक साधी गोळी असते. ती जेवणाच्या आधी नाही, नंतर नाही, जेवतानाच चावून खायची. पोटात अन्नाशी तिची गाठ पडली तर ती फॉस्फरस धरून ठेवते, नाही तर वाया जाते. ही गोळी नीट घेणाऱ्यांची हाडं खरंच टिकतात का, हे मॅडमना पाहायचं होतं. त्यासाठी त्या रक्त तपासणार होत्या, हाडांचे फोटो काढणार होत्या. आणि मी विचारणार होते.

डायलिसिसच्या खोलीत कायम गारवा असतो. बाहेर फेब्रुवारीचं ऊन चढायला लागलं तरी आत माणसं स्वेटर, शाल, घरून आणलेली गोधडी अंगावर घेऊन पडलेली. प्रत्येकाच्या हातातून निघालेली लाल नळी यंत्रात जाते आणि परत येते. टीव्ही चालू असतो, आवाज बंद करून. तिथं मी दर खेपेला एकेका खाटेशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे. गोळी कधी घेता? हाडं दुखतात का? कुठं? मध्ये कधी पडलात का? दूध, शेंगदाणे, सुकामेवा किती होतो? मांडीवर माझं दहावीचं पॅड असायचं, वर लोखंडी चाप, मागे गणपतीचं स्टिकर. वडिलांनी परीक्षेसाठी घेऊन दिलेलं. लिहायला दुसरं काही आणावं, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रंगनाथ आप्पा मूळचे विंचूरचे. उभा जन्म लासलगावच्या कांदा मार्केटात मापारी होते, म्हणजे लिलाव झाला की माल तोलून द्यायचा. किडन्या गेल्यापासून ते आणि काकू सिडकोत मुलाकडे राहायला आले होते. डायलिसिसला आलेल्या प्रत्येकाचं आधी वजन करतात, अंगात किती पाणी साचलंय ते कळायला. आप्पा वजनकाट्यावर चढले की आधी सिस्टरला दटावायचे, काटा मारू नको म्हणून. मग आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायचे, जन्मभर दुसऱ्याचा माल तोलला, आता आमचाच लिलाव चाललाय, बोला कुणाला पाहिजे. सगळी खोली हसायची. ज्यांना हसताना त्रास व्हायचा तेही.

मला ते ‘पोरी’ म्हणायचे. फुलांच्या मळ्यातली आहे कळल्यावर तर फारच जीव लावला. मार्केटातल्या गोष्टी सांगायचे, पावसात भिजलेल्या ट्रॉल्यांच्या, भावावरून झालेल्या भांडणांच्या. व्यापारी एका बाजूला, शेतकरी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हे. दोघंही मिनतवाऱ्या करायचे. एकदा फार शांतपणे म्हणाले होते, “पण काट्याला हात नाय लावला मी. कुणासाठीच नाय.”

हे वाक्य मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

तो द्राक्षांचा हंगाम होता. निफाड, दिंडोरीकडून येणारे रुग्ण सिस्टरसाठी पिशवीभर घड घेऊन यायचे. ज्यांनी आणली त्यांनाच ती खायला बंदी. द्राक्षांत पोटॅशियम असतं, ते वाढलं तर हृदयाला धोका. घड एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाताना माणसं बघत राहायची. आप्पा एक घड हातात घ्यायचे, नाकाशी न्यायचे, आणि डोळे मिटून काही वेळ तसेच पडायचे. मग घड पुढे देऊन म्हणायचे, झालं जेवण.

आणि माझ्या प्रश्नांची ते फार छान उत्तरं द्यायचे. गोळी? जेवतानाच, मधल्या घासाला. दुखणं? तसं काय नाय, उतारवय म्हटल्यावर थोडं असायचंच. पडणं? छे. शेंगदाणे? घरात आणतच नाही. उत्तर दिलं की ते माझ्या पेनाकडे बघायचे, मग माझ्या चेहऱ्याकडे. मी ‘छान’ म्हटलं की त्यांचा चेहरा सुटायचा. मला वाटायचं, कुतूहल असेल. शेजारच्या खाटांवरची उत्तरंही अशीच चांगली होती. मी घरी सांगायचे, आमचे पेशंट किती शिस्तीचे आहेत.

मॅडम मात्र गोंधळात पडल्या. रक्ताचे रिपोर्ट यायला लागले होते, आणि त्यात फॉस्फरस चढलेलं. एकदोघांचं नाही, बहुतेकांचं. इतकं नीट औषध घेणाऱ्या माणसांचं असं का व्हावं? त्यांनी रिपोर्ट पुन्हा करून घेतले. तेच आलं. मग एका दुपारी कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्या जरा दबक्या आवाजात म्हणाल्या की कदाचित इथल्या माणसांना ही गोळी पाहिजे तशी लागू पडत नसेल. आपल्या जेवणात काहीतरी वेगळं असेल. तसं असलं तर ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी चहा तसाच धरून बसले. कुणी सांगितलेलं नाही, आणि त्यात माझे प्रश्न, मी लिहिलेली उत्तरं. माझ्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या, पण त्या आठवड्यात मी पुस्तकं उघडून नुसती बसायचे. वडिलांनी फुलबाजारात सांगून टाकलं की पोरगी शोध लावतीये. कसला, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, हाडांचा. एका व्यापाऱ्यानं त्यांना स्वतःचा गुडघा दाखवला. आम्ही त्यावर घरात खूप हसलो. तो हंगाम आठवायचा म्हटलं तर मी तिथंच थांबावं असं वाटतं, त्या हसण्यापाशी.

पुढचं इतकं साधं आहे की सांगताना विचित्र वाटतं. आप्पा घरात चालत होते. उंबऱ्याला पाय अडखळला. ते पडलेसुद्धा नाहीत, त्यांनी भिंत धरली. आणि उभ्या उभ्या त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

मी वॉर्डात भेटायला गेले तेव्हा काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी बसायला जागा केली आणि पदर तोंडाला लावला. मी त्यांना धीर देत म्हटलं, आप्पांना आधी तर काही त्रास नव्हता, अचानकच झालं हे. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी बोलायची थांबले. मग त्या बोलत गेल्या. दिवाळीपासून रात्री कण्हतात. पिंडऱ्या चेपून द्याव्या लागतात. मोरीत दोनदा पडले होते. गोळी जेवताना कधीच घेत नाहीत, तोंडात खडू चावल्यासारखं होतं, घास गिळवत नाही. दिवसभराच्या गोळ्या झोपताना एकदम पाण्याबरोबर घेतात. आणि शेंगदाणे तर उशाशी असतात.

“पण मला तर ते...” मी म्हटलं.

“तुला कसं सांगतील, माय? तुझा पेपर होता ना.”

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. आत गेले तर आप्पा जागे होते. पायाला वजन लावून ठेवलं होतं. त्यांनी मला पाहून हसायचा प्रयत्न केला आणि बहुधा काकूंचं बाहेरचं बोलणं ऐकलं होतं, कारण मी काही विचारायच्या आधीच नजर खाली घेतली.

“खरं आहे का हे?” मी विचारलं.

“तू ते पॅड घेऊन बसायची,” आप्पा म्हणाले. “घाबरी घुबरी. आमच्या ध्यानात आलं, मास्तरनं हिला परीक्षेला बसवलंय. आम्ही चुकीचं बोललो तर मार्क हिचे जातील. मंग मी सगळ्यांना सांगून ठेवलं. पोरगी पह्यलीच शिकती घरातली, तिला सांभाळून घ्या.”

सगळ्यांना. खाटेवरून खाटेवर घड फिरायचा, तशी ही गोष्ट माझ्या पाठीमागे त्या खोलीत फिरली होती. मी स्टूल पुढे ओढायचे तेव्हा पुढच्याचं उत्तर ठरलेलं असायचं.

“तुम्ही म्हणाला होता काट्याला कधी हात लावला नाही,” मी म्हटलं.

आप्पांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, “लावला. एकदाच. पोरीच्या बाजूनं.”

 मी तिथून निघाले. जिन्यात बसून रडावं असं वाटलं, पण जिन्यात माणसं होती. बसस्टॉपवर एकजण द्राक्षं चाखायला देत होता, त्यानं माझ्यापुढे हात केला तेव्हा मी अशी काही मागे सरले की तो बिचारा ओशाळला.

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, ही सगळी उत्तरं आता बाजूला ठेवावी लागतील. गोळी लागू पडत नव्हती असं नाही, ती पोटात वेळेवर जातच नव्हती. कुणी सांगितलेलं नाही असं आमच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. माणसं डॉक्टरला बरं वाटेल तेच सांगतात, हे मी धरून चालायला हवं होतं, रक्त काही खोटं बोलत नाही, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मी जरा चिडूनच विचारलं की मग माणसांना विचारायचंच कशाला? त्या वळल्या. “कारण किती दुखतंय ते रक्त सांगत नाही,” त्या म्हणाल्या.

मी कितीतरी दिवस आप्पांना भेटले नाही. त्यांचं ऑपरेशन झालं, पायात सळई बसवली, ते डायलिसिसला स्ट्रेचरवरून यायला लागले, हे मला सिस्टरकडून कळायचं. माझ्या परीक्षा झाल्या. वडिलांना बाजारात कुणी शोधाबद्दल विचारलं की ते म्हणायचे, चाललंय अजून. घरी मला मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही, यावरून त्यांना कळलंय हे मी ओळखलं.

आईला मी सगळं सांगितलं. शेवंतीच्या जुड्या बांधता बांधता ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुझं चांगलंच बघत होते ना ते? मग एवढं काय लावून घेतीस?” मला तिचाही राग आला. आप्पांचा पाय मोडला, आई. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मॅडमनी आधीच औषध बदललं असतं, गळ्यातल्या ग्रंथींचं काही केलं असतं, कदाचित तो पाय मोडला नसता. यात माझं चांगलं कुठं आलं? आई म्हणाली, ते खरंय. आणि मग म्हणाली, तरी पण.

त्या ‘तरी पण’पाशी मी अजून अडलेली आहे.

दहावीला आमच्या केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या. बाहेर गावातली माणसं कुंपणावर चढलेली असायची, कुणाचा मामा, कुणाचा भाऊ. आमच्या घरातलं कुणी तसलं करणार नाही अशी माझी खात्री होती. विज्ञानाच्या पेपरला मी मान खाली घालून लिहीत होते आणि माझ्या बाकावर एक बोळा येऊन पडला. वर पाहिलं तर खिडकीत चुलते. मी तो उघडला नाही, पायाखाली दाबून ठेवला. घरी येऊन पाहिला तर त्यात भूगोलाची उत्तरं होती. चुलत्यांना वाचता येत नाही, त्यांनी कुणाकडून तरी लिहून आणला होता. ही गोष्ट आमच्याकडे हसण्यावारी नेतात. मीही हसते. पण तेव्हा त्या बोळ्याकडे बघून मला जे वाटलं होतं, तेच मला आप्पांच्या खाटेशी उभं राहून वाटलं. यांना मी इतकी आवडते, आणि माझी मी पास होईन, असं यांच्यातल्या एकालाही वाटत नाही.

फसवणूक म्हणतात ती मला वाटतं हीच. खोटं बोलणारा परका असता तर मी त्याला केव्हाच विसरले असते.

या वर्षी मॅडमनी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आहे. आता मी काल काय जेवलात तेवढंच विचारते, गोळ्यांचं पाकीट दाखवा म्हणते. पॅड घरी ठेवलं आहे. सुरुवातीला प्रत्येक खाटेशी मी सांगते की हा माझा पेपर नाही, तुमच्या उत्तरानं माझं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. माणसं मान डोलावतात. ती ज्या समजूतदारपणानं मान डोलावतात, त्यानं मला धास्तीच वाटते.

परवा आप्पांच्या खाटेशी जावं लागलं. ते वॉकर धरून येतात आता, काकू मागे. त्यांच्या गळ्यातल्या ग्रंथी काढून टाकायच्या की नाही, हे या आठवड्यात ठरायचं आहे. ऑपरेशन त्यांच्या अंगाला झेपेल की नाही, ही एक भीती. नाही केलं तर उरलेली हाडंही तशीच जातील, ही दुसरी. रिपोर्ट काठावर आहेत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मॅडमना सांगितलं, दुखणं किती आहे ते बघू आणि ठरवू. मॅडमनी मला सांगितलं, तू विचार, तुझ्याशी बोलतील.

मी स्टूल ओढून बसले. सिस्टरच्या टेबलावर कुणीतरी आणलेले हिरवे घड होते. आप्पांनी ते मागितले नाहीत. वजनकाट्यावरही त्या दिवशी ते काही बोलले नव्हते.

“आप्पा, दुखतं का?”

“दुखतं,” ते म्हणाले. “कूस बदलता येत नाय. लय दुखतं, पोरी.”

आणि त्यांनी माझ्या पेनाकडे पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे.

मी ‘छान’ म्हणणार नव्हतेच.  मागच्या वर्षी दुखत नाही हे बरोबर उत्तर होतं. आता सगळं बाहेर आल्यावर दुखतं हेच बरोबर उत्तर झालं असेल तर? मला वाईट वाटू नये, माझा गेलेला विश्वास परत मिळावा, म्हणून हा माणूस आपला गळा कापून घ्यायलाही तयार होईल, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि हे वाटणं मला सहन होईना.

“हे कुणाच्या बाजूनं, आप्पा?” मी विचारलं.

 यंत्र फिरत होतं. मग त्यांनी मोकळा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, “माझ्या.”

मी लिहिलं. दुखतं, खूप, रात्री जास्त. लिहून झाल्यावर उठायला हवं होतं. पण मी पेन हातात धरून त्यांच्या पायाकडे बघत राहिले. चादरीखाली तो खरंच आखडतो का, कूस जराशी हलली की चेहरा बदलतो का, हे पाहत. आप्पांनी मला तसं बघताना पाहिलं.  त्यांनी चादर नीट ओढून पाय झाकून घेतला आणि तोंड आवाज बंद असलेल्या टीव्हीकडे वळवलं.